लाल डागांचे वेळापत्रक

बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घालताना आत्याच्या ध्यानात येते की, त्याच्या डाव्या पापणीवर मोहरीएवढा फिकट तांबूस ठिपका आहे. जन्मले तेव्हा तो नव्हता. नख लागले असेल, चार दिवसांत जाईल, असे म्हणून सगळे विसरून जातात. पण ठिपका जात नाही. बाळ दोन महिन्यांचे होईपर्यंत तेथे पिकलेल्या तुतीसारखी लालभडक, मऊ गाठ उभी राहते आणि तिच्या भाराने पापणी अर्धी मिटू लागते.

मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, ग्रहण नीट पाळले नाही. कोणी चुना लावायला सांगते. एका डॉक्टरांच्या ओळखीत अगदी अशीच गाठ एका मुलीच्या पाठीवर होती. तिला काहीही न करता ती नाहीशी झाली, तेव्हा त्यांचे मत, वाट पाहा. दुसरे डॉक्टर म्हणतात, एक आठवडाही घालवू नका, औषध सुरू करा. आईवडील गोंधळून जातात. गंमत अशी की, हे दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत. पाठीवरच्या गाठीसाठी पहिल्यांचे म्हणणे योग्य होते, पापणीवरच्या गाठीसाठी दुसऱ्यांचे योग्य आहे. हे कसे, ते समजून घ्यायचे तर त्वचेवरील लाल डाग म्हणजे काय, येथून सुरुवात केली पाहिजे.

ग्रहणाचा मुद्दा आधी निकालात काढू. आपल्याकडे डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाची लाळ गळते, असे म्हणतात. युरोपात त्याच अपुऱ्या इच्छेचा डाग बाळाच्या अंगावर उमटतो, असे मानीत. जन्मखुणेला फ्रेंच भाषेत ‘आँव्ही’ आणि इटालियन भाषेत ‘व्होल्या’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘इच्छा’ असाच आहे. वर वर्णन केलेल्या गाठीला इंग्रज डॉक्टर ‘स्ट्रॉबेरी डाग’ म्हणत. आईने काय खाल्ले, काय पाहिले, ग्रहणात ती कोठे बसली, यांचा या डागांशी काडीचाही संबंध नाही. असल्या समजुतींमुळे आधीच घाबरलेल्या आईच्या माथी विनाकारण दोष येतो, म्हणून हे स्पष्ट सांगितलेले बरे.

तुमच्या बोटाचे नख दाबून धरा. नखाखालची गुलाबी जागा पांढरी पडेल. नख सोडताच दोन सेकंदांच्या आत रंग परत येईल. तो रंग नखाचा नव्हे, त्याच्याखालच्या केशवाहिन्यांतून वाहणाऱ्या रक्ताचा आहे. रोहिणीतून आलेले रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाऊन नीलांतून परतते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. केशवाहिनीची भिंत चपट्या पेशींच्या एकाच थराची असते. या पेशींना आपण अस्तरपेशी म्हणू. एरवी त्या शांत असतात, फारशा विभागत नाहीत. एखाद्या जागी वाहिन्या गरजेपेक्षा जास्त झाल्या किंवा गरजेपेक्षा रुंद झाल्या की वरून लाल डाग दिसतो.

आता घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाच्या छातीवर किंवा पाठीवर ‘लाल तीळ’ आहे का, ते पाहा. त्यांच्या परवानगीने त्यावर प्लॅस्टिकची स्वच्छ, पारदर्शक पट्टी हळूच दाबा आणि पट्टीतून बघा. तीळ फिका पडला, तर त्यातील रक्त वाहिन्यांच्या आतच आहे आणि दाबामुळे बाजूला सरकले आहे. रक्त वाहिनीतून बाहेर पडून त्वचेत साकळले असेल, तर कितीही दाबले तरी रंग हलत नाही. त्वचारोगतज्ज्ञ हीच परीक्षा काचेच्या पट्टीने करतात. (बाळाच्या डागावर मात्र हा प्रयोग करू नये, तो डॉक्टरांवर सोपवावा.)

वाहिन्या जास्त होणे आणि वाहिन्या रुंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उघड वाटते. पण वैद्यकाने फार काळ दोहोंना एकाच नावाने हाक मारली. पाठ्यपुस्तकांत सगळेच ‘हेमँजिओमा’ होते, म्हणजे रक्तवाहिन्यांचे अर्बुद. 1982 साली बॉस्टनमधील शल्यविशारद जॉन मलिकन आणि संशोधिका ज्युली ग्लोवाकी यांनी अशा डागांच्या ऊतींचे तुकडे तपासून एक साधा प्रश्न विचारला: यांतल्या अस्तरपेशी विभागत आहेत की नाहीत? उत्तरांचे सरळ दोन गट पडले. एका गटात पेशी झपाट्याने विभागत होत्या, ही खरी वाढ होती. दुसऱ्या गटात पेशी शांत होत्या, फक्त वाहिन्यांची रचनाच चुकली होती. झाडाला आलेला नवा फुटवा आणि भिंतीत चुकीची बसवलेली नळी यांत जेवढा फरक, तेवढा हा फरक. फुटव्याला काळ असतो, तो येतो आणि वाळतो. चुकीची नळी आपोआप सरळ होत नाही.

पापणीवरची आपली गाठ पहिल्या गटातली. तिला शैशवातील हेमँजिओमा म्हणतात. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार दर शंभर बाळांपैकी सुमारे चार-पाच बाळांना ती होते. मुलींना मुलांपेक्षा जास्त, आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांना सर्वांत जास्त. जन्मताना बहुधा काहीच नसते, फार तर एखादा फिकट चट्टा असतो. पहिल्या एकदोन आठवड्यांत ठिपका दिसतो. वाढीचा वेग पाचव्या ते आठव्या आठवड्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, आणि तीन महिन्यांचे वय होईपर्यंत गाठीने आपल्या अंतिम आकारापैकी बराचसा आकार गाठलेला असतो. मग वाढ मंदावते आणि वर्षाच्या आसपास थांबते. लालभडक रंग मध्यभागी करडा पडू लागतो, गाठ मऊ होते, बसत जाते. बहुतेक मुलांत चौथ्या वर्षापर्यंत हे विरणे जवळजवळ आटोपते. मागे कधी काहीच राहत नाही, तर कधी थोडी सैल, सुरकुतलेली त्वचा किंवा बारीक लाल रेषा राहतात.

या गाठीला असे वेळापत्रक का असावे? 2000 साली पॉला नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, या गाठीच्या अस्तरपेशींवर ‘ग्लूट-1’ नावाचे, ग्लुकोज आत घेणारे प्रथिन असते. त्वचेतील नेहमीच्या वाहिन्यांत ते नसते, पण वारेतील वाहिन्यांत असते. वार हे असे इंद्रिय की जे नऊ महिन्यांत वाढते आणि काम संपताच निकामी होते. त्यामुळे वारेशी या गाठीचे नाते असावे, असा विचार पुढे आला. ते नाते नेमके कसले, यावर शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. परंतु ग्लूट-1 ची तपासणी आज निदानासाठी सर्रास वापरली जाते.

ही गाठ आपोआप विरते हे कळायलाही एका माणसाला चिकाटीने मोजमाप करावे लागले. लिस्टर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी (जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रणेते लिस्टर ते हे नव्हेत) अशा मुलांवर उपचार न करता त्यांना वर्षानुवर्षे पुन:पुन्हा तपासले आणि 1938 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले की, आधी झपाट्याने वाढलेले हे डाग काही वर्षांत स्वत:हून मावळतात. साधी गोष्ट वाटते. पण गाठ डोळ्यांदेखत वाढत असताना हात बांधून बसायला धैर्य लागते, आणि आईवडिलांना ‘काही करू नका’ हे सांगायला त्याहून जास्त.

बहुतेकांना ते जमले नाही. गाठी कापल्या, गोठवल्या, जाळल्या. सर्वांत दु:खद हकिकत स्वीडनमधली आहे. स्टॉकहोममध्ये 1920 ते 1959 आणि गॉथेनबर्गमध्ये 1930 ते 1965 या काळात हजारो तान्ह्या मुलांच्या डागांवर रेडियमच्या किरणांनी उपचार करण्यात आले. त्या काळी रेडियम हे आधुनिकतेचे प्रतीक होते, आणि डाग जात असल्यामुळे उपचार यशस्वी ठरत होता. स्वीडनमध्ये आजारांच्या नोंदी काटेकोर ठेवतात, म्हणून ही मुले मोठी झाल्यावर त्यांचे काय झाले ते पाहता आले. त्यांच्यात स्तनाचे, अवटुग्रंथीचे आणि मेंदूतील अर्बुदांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, आणि ज्या अवयवाला किरणांची मात्रा जास्त मिळाली होती तेथे धोकाही जास्त. यांतील कितीतरी डाग वाट पाहिली असती तरी विरले असते. उपचारानंतर डाग गेला, म्हणून उपचाराने गेला, हा तर्क किती महाग पडू शकतो याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

मग वाट पाहणेच नेहमी योग्य, असे म्हणावे काय? येथे पापणीवरची गाठ आडवी येते. नवजात बाळाचा डोळा चांगला असला तरी मेंदूला ‘पाहणे’ शिकावे लागते, आणि ते शिक्षण पहिल्या महिन्यांत व वर्षांत होते. पापणीने बाहुली झाकली, किंवा गाठीच्या दाबाने डोळ्याच्या पारदर्शक पटलाचा आकार बिघडून प्रतिमा सतत अंधूक पडू लागली, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. चौथ्या वर्षी गाठ विरून जाईल, पापणी पूर्ण उघडेल, डोळा निरोगी दिसेल, पण त्याची दृष्टी मंदच राहील. म्हणजे गाठीला एक वेळापत्रक आहे आणि डोळ्याला दुसरे. गाठ आपल्या वेळेला जाते, पण तोवर डोळ्याची शिकण्याची वेळ टळलेली असते.

अशा जागा आणखीही आहेत. हनुवटी व जबड्याच्या कडेने, म्हणजे दाढी येते त्या भागात, पसरलेला डाग आणि बाळाच्या श्वासाला घरघर, ही जोडी दिसली तर स्वरयंत्राच्या आसपासही गाठ असू शकते. नाकाच्या शेंड्यावरची गाठ नाकाचा आकार कायमचा बिघडवते. ओठावर आणि लंगोटाच्या जागी गाठ फुटून चिघळते, फार दुखते. अंगावर पाच किंवा अधिक गाठी असल्या तर यकृतातही आहेत का, हे सोनोग्राफी करून पाहतात. या सर्व बाळांना पहिल्या एकदोन महिन्यांतच तज्ज्ञांकडे पोचवले पाहिजे. पाठीवरची किंवा मांडीवरची लहान गाठ असेल तर मात्र अधूनमधून मोजपट्टी शेजारी धरून तिचा फोटो काढणे एवढाच उपचार पुष्कळदा पुरतो.

धोक्याच्या जागी पूर्वी स्टेरॉइड गटातील औषधे देत. त्यांनी वाढ थांबे, पण त्याबरोबर तोंड सुजणे, रक्तदाब वाढणे, बाळाची वाढ खुंटणे हे त्रासही येत. याहून चांगले औषध सापडले ते अगदी अनपेक्षितपणे. फ्रान्समधील बोर्दो येथे क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ या त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली एका बाळाच्या नाकावरील गाठीसाठी स्टेरॉइड चालू होते. त्या उपचारात बाळाच्या हृदयाच्या स्नायूची जाडी वाढली, म्हणून हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल देण्यात आले. हे काही नवे औषध नव्हे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी ते 1960 नंतरच्या दशकात हृदयविकारासाठी तयार केले, 1988 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता, आणि तोपर्यंत लाखो प्रौढांनी त्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. बोर्दोच्या डॉक्टरांना दिसले ते असे: औषध सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाकावरची लालभडक गाठ जांभळट झाली आणि मऊ लागू लागली. पुढे स्टेरॉइड कमी केले, तरी गाठ बसतच गेली.

आणखी एका बाळात असेच घडल्यावर त्यांनी पालकांच्या संमतीने इतर नऊ बाळांना हे औषध दिले आणि जून 2008 मध्ये एकूण अकरा बाळांची हकिकत प्रसिद्ध केली. रेडियमच्या हकिकतीवरून येथे कोणीही शहाणा वाचक विचारील, ‘पण गाठ आपोआपच विरते ना? मग हे औषधाने झाले कशावरून?’ शंका अगदी रास्त आहे. म्हणून पुढे एक ते पाच महिन्यांच्या 460 बाळांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडण्यात आले. काहींना औषध, काहींना औषधासारखेच दिसणारे पण निर्गुण द्रव. कोणाला काय मिळाले हे ना पालकांना माहीत, ना फोटो तपासणाऱ्यांना. 2015 साली निकाल प्रसिद्ध झाला. वजनाच्या दर किलोग्रॅमला रोज 3 मिलिग्रॅम औषध सहा महिने मिळालेल्या बाळांपैकी शेकडा 60 जणांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. निर्गुण द्रव मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा 4 होते. निसर्गाला वर्षे लागतात ते काम औषधाने महिन्यांत झाले, आणि पापणीच्या बाबतीत महिन्यांचाच प्रश्न असतो.

तरीही हे औषध हृदयाचे ठोके मंदावते, रक्तदाब उतरवते आणि उपाशी बाळाच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने कमी करू शकते. म्हणून हृदय तपासून, दूध पाजण्याच्या वेळेसच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते देतात. बाळ आजारी असेल, दूध पीत नसेल, तर डॉक्टरांना विचारून त्या वेळचा डोस टाळतात. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी आहेत म्हणून त्यातला तुकडा कोणी बाळाला देऊ नये, हे सांगावेसे वाटते, कारण नाव ऐकून असे करू पाहणारी माणसे असतात.

आता दुसरा गट, चुकीच्या नळ्यांचा. सोव्हिएत संघाचे शेवटचे अध्यक्ष मिखाइल गोर्बाचेव्ह यांचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. त्यांच्या टकलावर नकाशासारखा लालसर डाग होता. तो 1931 मध्ये त्यांच्याबरोबर जन्मला आणि 2022 मध्ये त्यांच्याबरोबरच गेला. या प्रकाराला तांबड्या मद्याच्या रंगावरून ‘पोर्ट-वाइन डाग’ म्हणतात. दर हजार बाळांपैकी सुमारे तिघांना तो असतो. तो जन्मतानाच असतो, अंगाबरोबर त्याच प्रमाणात मोठा होतो, आणि विरत नाही. उलट वयाबरोबर गडद व जाड होऊ शकतो. 2013 साली कळले की, गर्भात असताना एखाद्या पेशीतील ‘जीएनएक्यू’ या जनुकात झालेले उत्परिवर्तन त्याचे मूळ आहे. ते आईवडिलांकडून येत नाही आणि पुढच्या पिढीला जातही नाही. कपाळावर आणि वरच्या पापणीवर असा डाग असला तर मेंदूच्या आवरणात व डोळ्यातही तशाच वाहिन्या असू शकतात. मग झटके येणे, डोळ्यातील दाब वाढणे यांवर लक्ष ठेवावे लागते. नवजात बाळाच्या मानेवर किंवा भुवयांच्या मध्ये दिसणारा फिकट गुलाबी चट्टा मात्र वेगळा आणि निरुपद्रवी. चेहऱ्यावरचा बहुधा एकदोन वर्षांत जातो, मानेवरचा केसांखाली राहतो.

पोर्ट-वाइन डागावर औषध चालत नाही, कारण थांबवायला वाढच नाही. तेथे पदार्थविज्ञान कामी येते. 1970 नंतरच्या दशकात निळसर-हिरव्या प्रकाशाचा आर्गॉन लेसर वापरला गेला. डाग फिका होई, पण आजूबाजूची त्वचाही भाजून व्रण राही. 1983 साली अँडरसन आणि पॅरिश यांनी ‘सायन्स’मध्ये यावरची युक्ती मांडली. प्रकाश असा निवडा की तो हीमोग्लोबिनच जास्त शोषून घेईल. पिवळ्या रंगात, 577 नॅनोमीटरपाशी, असे एक शिखर आहे. आणि प्रकाशाचा झोत इतका क्षणिक ठेवा की तापलेल्या वाहिनीतून उष्णता बाहेर झिरपायला वेळच मिळू नये. झिरपण्याला लागणारा काळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 0.05 मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीला सुमारे 1 मिलिसेकंद लागतो. मग दुप्पट व्यासाच्या वाहिनीला किती, ते तुम्हीच काढा. झोत यापेक्षा आखूड असला की वाहिनी भाजते आणि शेजारची त्वचा बचावते. या तत्त्वावर बनलेला रंगद्रव्याचा स्पंद-लेसर आजही या डागाचा मुख्य उपचार आहे. अनेक बैठका लागतात. बहुतेकांचा डाग फिका होतो, पूर्ण जाणे थोड्यांच्याच वाट्याला येते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत आणखी एक अडचण असते. वरच्या थरातील मेलॅनिन तोच प्रकाश वाटेतच शोषते. म्हणून झोत कमी शक्तीचा ठेवतात आणि त्याच क्षणी वरची त्वचा गार करतात, नाहीतर लाल डाग जाऊन काळा किंवा पांढरा डाग यायचा.

आजीआजोबांच्या अंगावरचे लाल तीळ राहिले. त्यांना डी मॉर्गन ठिपके असेही म्हणतात. कँबेल डी मॉर्गन या लंडनच्या शल्यविशारदांना ते कर्करोगाच्या रोग्यांच्या अंगावर वारंवार दिसले, आणि 1872 साली त्यांनी या दोहोंचा संबंध जोडला. चूक कोठे झाली असेल? कर्करोग उतारवयात जास्त होतो आणि हे ठिपकेही उतारवयात जास्त होतात. धडधाकट म्हाताऱ्यांच्या पाठी कोणी तपासल्या नव्हत्या. या ठिपक्यांना उपचाराची गरज नसते.

आणि एक प्रकार शाळकरी मुलांतच जास्त दिसतो. बोटावर, ओठावर किंवा गालावर काही आठवड्यांत डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, ओलसर दाणा येतो आणि नुसता टॉवेल लागला तरी भळभळा रक्त येते. त्याला ‘पायोजेनिक ग्रॅन्युलोमा’ म्हणतात. पायोजेनिक म्हणजे पू निर्माण करणारा. प्रत्यक्षात त्यात पू नसतो आणि तो ग्रॅन्युलोमाही नसतो, ती केशवाहिन्यांची एक गुंतवळ असते. रक्त आले तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे, मधे उचलून न पाहता, दाबून धरावे. चामखिळीला बांधतात तसा केस किंवा दोरा त्याला बांधू नये. तो अर्धवट तुटतो, पिकतो आणि पुन्हा येतो. डॉक्टर जागा बधिर करून तो खरवडून काढतात आणि बुडाला विजेच्या सुईने डाग देतात. पाच-दहा मिनिटांचे काम असते. काढलेला दाणा मात्र टाकून न देता सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात, कारण मोठ्या माणसांत क्वचित त्वचेचा कर्करोगही हुबेहूब असाच दिसतो.